वास केबिनमध्ये, गळती कुठे? लहान विमानातल्या इंधनाचा माग काढताना

लहान विमानात पेट्रोलचा वास आला की बहुतेकांचा हात आधी पान्याकडे जातो. दिसेल तो नट पाव फेरा आवळायचा, फडक्याने पुसायचं आणि वास गेला असं समजायचं. दोन दिवसांनी वास परत येतो, कारण आवळलेला नट गळतच नव्हता. कधी कधी तर तो आता गळायला लागलेला असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचं टोक जास्त आवळल्याने चेपतं आणि नवी गळती तयार होते. पाना उचलण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: वास नेमका कधी येतो, आणि गळलेलं इंधन दिसेपर्यंत कुठून कुठे वाहत आलं? ही उत्तरं मिळाली की निम्म्याहून जास्त शोध विमानाला हात न लावताच संपतो.

त्याआधी सुरक्षितता. पिस्टन इंजिनाच्या विमानांत वापरलं जाणारं अ‍ॅव्हगॅस कडाक्याच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. त्यामुळे ती वर उडून जात नाही. केबिनच्या फरशीखाली, पोटाच्या पत्र्यात, हँगरच्या गटारात आणि खड्ड्यात साठते. हवेत या वाफेचं प्रमाण साधारण सव्वा ते सात टक्के झालं की एक ठिणगी पुरते. म्हणून शोध सुरू करण्याआधी विमान हँगरबाहेर मोकळ्यावर काढा, मास्टर स्विच, म्हणजे विजेचं मुख्य बटण, बंद ठेवा, बॅटरीची तार सोडवा, विमान जमिनीशी बाँडिंगच्या तारेने जोडा आणि पेट्रोलच्या आगीला चालेल असं अग्निशामक हाताशी ठेवा. बॅटरीची तार वाफ उडून गेल्यावरच सोडवा, कारण तार काढतानाही ठिणगी पडते. साधा हातदिवा, फोन, घरगुती व्हॅक्यूम क्लीनर यांचं इथे काम नाही. ठिणगी न पाडणारा, त्यासाठी प्रमाणित केलेला टॉर्चच हवा. रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते हेही पक्कं लक्षात ठेवा, कारण तिच्यात इंधन नसलं तरी वाफ आणि हवा दोन्ही असतात. १०० एलएल या प्रकारच्या अ‍ॅव्हगॅसमध्ये शिशाचं संयुग असतं आणि ते त्वचेतूनही शरीरात जातं. तेव्हा नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि हे इंधन हात धुण्यासाठी वापरायची जुनी सवय सोडून द्या.

आता एक साधी खातरजमा, जी हास्यास्पद वाटेल पण वेळ वाचवते. इंधनाचा नमुना काढायचा पारदर्शक कप कुठे ठेवलाय? दाराच्या खिशात किंवा सीटखाली ओला कप, पेट्रोलने भिजलेलं फडकं, सामानाच्या कप्प्यातला जेरीकॅन, टाकी भरताना बुटांवर सांडलेलं इंधन, यांतलं काहीही पूर्ण केबिन वासाने भरून टाकतं. हे सगळं बाहेर काढून दारं उघडी ठेवा आणि तासाभराने परत वास घ्या.

मार्ग डोक्यात बसवा

इंधनाचा रस्ता सरळ आहे: टाकी, टाकीच्या तोंडाशी रबरी जोड, पंखाच्या मुळातून येणारी नळी, केबिनमधला सिलेक्टर व्हॉल्व्ह (कोणत्या टाकीतलं इंधन घ्यायचं ते ठरवणारी तोटी), फायरवॉलवरचं, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या आगरोधक भिंतीवरचं, गॅस्कोलेटर म्हणजे गाळणी, पंप आणि शेवटी कार्ब्युरेटर किंवा इंजेक्शनची यंत्रणा. बाजूला तीन फाटे फुटतात: टाकीची हवा-नळी म्हणजे व्हेंट, इंजिन सुरू करताना त्यात थोडं इंधन सोडणारा छोटा पंप म्हणजे प्रायमर, आणि इंधनदाबाच्या मीटरकडे जाणारी बारीक नळी.

या रस्त्याच्या प्रत्येक टप्प्यावर दाब वेगळा असतो, आणि शोधाची किल्ली इथेच आहे. पंख वर असलेल्या विमानात इंधन स्वतःच्या वजनाने खाली येतं. एक मीटर उंचीच्या इंधनाचा दाब साधारण ७ किलोपास्कल, म्हणजे जेमतेम एक पीएसआय (चौरस इंचाला एक पाउंड). दाब थोडा असला तरी तो चोवीस तास असतो. विमान नुसतं उभं असतानाही सिलेक्टरपर्यंतचा प्रत्येक जोड या दाबाखाली असतो, म्हणून तिथली गळती रात्रभरात दिसते. पंपाच्या पुढे कार्ब्युरेटरच्या इंजिनात दाब काही पीएसआय असतो, तर इंजेक्शनच्या इंजिनात वीस-तीस पीएसआयपर्यंतही जातो. तिथली गळती उभ्या विमानात शोधून सापडत नाही. पंप चालू झाल्यावरच ती जागी होते, आणि थेंब न पडता बारीक फवारा उडतो.

पंख खाली असलेल्या विमानात एक गंमत आहे. तिथे टाकी सिलेक्टरच्या खाली असते आणि पंप इंधन ओढून वर आणतो. टाकी ते पंप या भागात जोड सैल असेल तर इंधन बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. डाग दिसत नाही, वासही फारसा येत नाही, पण इंधनदाबाचा काटा थरथरतो आणि इंजिन मधेच दचकतं. अशा वेळी गळती शोधत बसण्यापेक्षा काटा काय सांगतोय ते आधी ऐका.

वास कधी येतो?

एक कागद घ्या आणि पुढच्या काही दिवसांत वास आला की तारीख, टाकीतली पातळी, सिलेक्टर कुठे होता, विमान उभं होतं की उडत होतं, कोणता पंप चालू होता, इतकंच लिहून ठेवा. चार-पाच नोंदींत आकार दिसू लागतो.

टाक्या काठोकाठ भरल्यावर वास येतो आणि अर्ध्या झाल्या की थांबतो? मग दोष टाकीच्या वरच्या निम्म्या भागात आहे: इंधन-मापकाच्या सेंडरचं गॅस्केट, व्हेंटच्या नळीचा जोड, झाकणाची रिंग, किंवा टाकीची वरची शिवण. बऱ्याच सेस्ना विमानांत सेंडर टाकीच्या आतल्या बाजूला, म्हणजे पंखाच्या मुळाशी बसतो. त्याचं गॅस्केट वाळलं की इंधन केबिनच्या छताच्या अस्तरात उतरतं आणि वरच्या हवेच्या झरोक्यातून वास येतो. कॉर्कचं गॅस्केट असेल तर स्क्रू घट्ट करून भागवायचा मोह होतो. कॉर्क दबून बाहेर येतो, महिनाभर थांबतो आणि मग जास्तच गळतो. गॅस्केट बदलाच.

पातळी कितीही असो, विमान रात्रभर उभं राहिल्यावर सकाळी दार उघडताच वास येतो? मग गुरुत्वाच्या दाबाखालचा भाग धरा: टाकीच्या तोंडाचे रबरी जोड, दाराच्या खांबातून उतरणाऱ्या नळ्या, सिलेक्टर, प्रायमर. रात्री सिलेक्टर बंद करून सकाळी तपासा आणि पुढच्या रात्री उघडा ठेवून तपासा. बंद असताना वास नसेल तर दोष सिलेक्टरच्या पुढे आहे. बंद असतानाही असेल तर सिलेक्टरमध्ये किंवा त्याच्या मागे. दोन रात्रींत रस्ता अर्धा झाला, आणि त्यासाठी एक स्क्रूही काढावा लागला नाही.

वास फक्त बूस्ट पंप, म्हणजे विजेवर चालणारा मदतीचा पंप, लावल्यावर किंवा प्रायमर मारल्यावर येतो? मग पंपाच्या पुढचा दाबाचा भाग. पॅनेलच्या मागचा वास असेल तर प्रायमर आणि दाबाच्या मीटरची नळी हे दोन पहिले संशयित. फक्त हवेत असताना येतो? उडताना केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा बहुधा थोडा कमी असतो, त्यामुळे पोटाखालचे, दाराच्या फटीतले आणि चाकाच्या खोबणीतले वास आत ओढले जातात. म्हणजे गळती केबिनमध्ये असायलाच हवी असं नाही. इंजिन बंद केल्यावर पाचेक मिनिटांत येतो आणि मग विरतो? कार्ब्युरेटरकडे बघा.

एक गोष्ट मात्र वेगळी करून ठेवा. जळलेल्या इंधनाचा, म्हणजे एक्झॉस्टचा वास कच्च्या पेट्रोलच्या वासासारखा नसतो. तो आला तर गळती शोधत बसू नका. एक्झॉस्टसोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो आणि तो प्रश्न त्याच दिवशी सोडवायचा असतो.

डाग वाचणं

१०० एलएल निळ्या रंगाचं असतं. जुनं १००/१३० हिरवं, ८० ऑक्टेनचं लाल, आणि जेट इंधन रंगहीन ते फिकट पिवळं. इंधन उडून जातं पण रंग मागे राहतो, म्हणून गळतीच्या जागी निळा डाग किंवा निळसर पावडरीचा थर दिसतो. उन्हात हा रंग फिका पडतो आणि इंजिनाजवळच्या गरम भागावर पिवळसर-तपकिरी होतो. त्यामुळे काऊलिंगखाली, म्हणजे इंजिनाच्या पत्र्याच्या आवरणाखाली, निळंच दिसायला हवं असा हट्ट धरू नका. लाल तेलकट ओल असेल तर ती ब्रेकच्या किंवा हायड्रॉलिकच्या तेलाची. ती बोटांवर चिकट राहते. पेट्रोल बोटावरून काही क्षणांत उडून जातं आणि कातडी कोरडी, थंड वाटते.

डाग जिथे सर्वांत गडद आहे तिथेच गळती आहे असं मानू नका. इंधन गुरुत्वाने खाली जातं आणि उडताना वाऱ्याने मागे जातं. म्हणून डागाचा सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा कोपरा शोधा. पंखातलं इंधन तर आतल्या कण्यावरून, शिवणीवरून, वायरच्या जुडग्यावरून मीटरभर सरकून भलत्याच ठिकाणी बाहेर येतं.

माग पक्का करायची जुनी रीत आहे, ती अजूनही सर्वांत चांगली. संशयित भाग पुसून पूर्ण कोरडा करा, त्यावर टाल्कची पावडर भुरभुरा आणि टाकी दाबाखाली येऊ द्या. पहिली ओली रेघ जिथे उमटते तीच जागा. काऊलिंगखाली, जिथे पावडर टिकणार नाही, तिथे पांढऱ्या टिश्यूची पट्टी प्रत्येक जोडाभोवती एकेक गुंडाळा आणि सुटी टोकं दिसतील अशी ठेवा. ही पट्टी इंजिन बंद असताना, फक्त बूस्ट पंप चालवून वापरायची आणि इंजिन सुरू करण्याआधी सगळ्या पट्ट्या मोजून काढायच्या. किती लावल्या ते आधी लिहून ठेवा.

तीन प्रकारच्या टाक्या, तीन प्रकारचे दोष

सुट्या पत्र्याच्या टाक्या सर्वांत सोप्या. शिवणीवर, वेल्डवर किंवा पट्ट्याखाली घासून तडा जातो. टाकी काढून दुरुस्त करता येते.

रबरी पिशवीच्या टाक्या, म्हणजे ब्लॅडर, जुन्या सेस्ना १८२ आणि बीच बोनान्झासारख्या विमानांत सापडतात. पिशवी आत गळते, इंधन पंखाच्या पोकळीत जमतं आणि पत्र्याच्या तळाच्या भोकातून टपकतं. त्या भोकाचा आणि खऱ्या छिद्राचा काही संबंध नसतो. मात्र पिशवीपेक्षा तिच्या तोंडावरच्या क्लॅम्प आणि गॅस्केटच जास्त वेळा दोषी निघतात, म्हणून पिशवी बाहेर काढण्याआधी ते तपासा. रबर वाळलं की कडक होतं आणि तडकतं. टाकी दीर्घकाळ रिकामी ठेवायची असेल तर आतून इंजिन ऑइलचा पातळ हात फिरवायची पद्धत त्यासाठीच आहे. थंड हवेत पिशवी घडी घालू नका. आधी उबदार करा, नाहीतर घडीवरच तडा जाईल. बारीक छिद्र शोधायला एक सुंदर युक्ती वापरतात: पिशवीत अमोनियात भिजवलेलं फडकं ठेवून तोंड बंद करायचं आणि बाहेरून फिनॉल्फ्थॅलीनमध्ये भिजवलेलं पांढरं कापड पसरायचं. अमोनिया जिथून बाहेर येतो तिथे कापडावर गुलाबी ठिपका उमटतो.

तिसरा प्रकार म्हणजे पंखाचा पत्राच टाकी. आतल्या शिवणी आणि रिव्हेट पॉलिसल्फाइड सीलंटने बंद केलेल्या. मूनी विमानं अशा टाक्या वापरतात. धातूच्या पंखात लँडिंगचे धक्के, पंखाचं लवणं आणि वयाने सीलंट पत्र्यापासून सुटतं. बाहेर एका रिव्हेटभोवती निळं वर्तुळ दिसतं आणि लोक त्याच रिव्हेटला सीलंट फासतात. बाहेरून लावलेला लेप आतल्या दाबाने उचलला जातो. इंधन मग शेजारच्या रिव्हेटकडे वाट काढतं आणि आता शोधणाऱ्याला दोन खोट्या जागा मिळतात. दुरुस्ती आतूनच करावी लागते: जुनं सुटलेलं सीलंट प्लास्टिकच्या किंवा लाकडी खरवडणीने काढायचं (धातूची नको, पत्र्यावर चरा उठतो आणि तिथून गंज किंवा तडा सुरू होतो), सॉल्व्हंटने पुसायचं, सॉल्व्हंट वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं, मग नवं सीलंट. डब्यावर बी-२ लिहिलेलं असेल तर बी म्हणजे कोपरे भरायचं जाड सीलंट आणि २ म्हणजे मिसळल्यावर हातात असलेले तास. ए हे ब्रशने लावायचं पातळ. पूर्ण पक्कं व्हायला साध्या तापमानात काही दिवस लागतात आणि थंडीत बरेच जास्त. घाईने इंधन भरलं तर सगळी मेहनत वाया. सिलिकॉनचं साधं सीलंट इंधनात चालत नाही. ते फुगतं, सुटतं आणि त्याचे तुकडे गाळणीत किंवा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात.

टाकीची दाब-चाचणी करायची असेल तर मर्यादा फार कमी आहे. बऱ्याच विमानांच्या देखभाल-पुस्तिकेत ती अर्ध्या पीएसआयच्या आसपास असते, तुमच्या विमानाचा आकडा तिथूनच घ्या. अर्धा पीएसआय किरकोळ वाटतो. पण एक चौरस मीटर पत्र्यावर तो सुमारे ३५० किलोचा भार होतो. कंप्रेसर थेट जोडला की पंख फुगून रिव्हेट सुटायला सेकंदही लागत नाही. म्हणून इंग्रजी यू आकाराच्या पारदर्शक नळीत पाणी भरून तिचा मापक बनवतात. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ३५ सेंटीमीटरचा फरक म्हणजे अर्धा पीएसआय. नळी त्याहून फार उंच ठेवू नका, म्हणजे दाब वाढला तर पाणी उडून जाईल आणि टाकी वाचेल. मग शिवणींवर साबणाचं पाणी फिरवा आणि बुडबुडे बघा.

गळती नसलेली गळती

व्हेंटमधून टपकणारं इंधन नेहमीच दोष नसतं. पेट्रोल तापलं की प्रसरण पावतं. पहाटे भरलेलं १०० लिटर इंधन दुपारी २० अंशांनी तापलं तर सुमारे दोन लिटर वाढतं. टाकी काठोकाठ असेल तर ते कुठेतरी जाणारच. उतारावर उभ्या विमानात सिलेक्टर 'दोन्ही'वर असला की वरच्या टाकीतलं इंधन खालच्या टाकीत उतरतं आणि तिच्या व्हेंटमधून बाहेर पडतं. सिलेक्टर डावीकडे किंवा उजवीकडे ठेवून उभं करा आणि पुन्हा बघा.

झाकण मात्र हलक्यात घेऊ नका. पंखाच्या वरच्या बाजूला उडताना दाब कमी असतो. झाकणाची रिंग कडक झाली असेल तर इंधन अक्षरशः ओढून बाहेर काढलं जातं. झाकणामागे मागच्या दिशेने गेलेली निळी रेघ दिसली की रिंग बदलायची. जमिनीवर या रेघेशिवाय काहीच कळत नाही, वासही येत नाही, फक्त इंधन हिशेबापेक्षा लवकर संपतं. पाऊस मात्र त्याच फटीतून आत जातो.

केबिनमध्ये

सिलेक्टरच्या दांड्यावरची ओ-रिंग वाळली की इंधन फरशीखाली उतरतं. सेस्ना १७२ मध्ये सिलेक्टर पुढच्या दोन सीटांच्या मध्ये फरशीत असतो, पायपर पीए-२८ मध्ये डाव्या भिंतीवर. हँडल फिरवताना जड लागत असेल तर ती पूर्वसूचना समजा. तपासायची जागा हँडलभोवती नाही, खालच्या झाकणाच्या आत आहे.

हाताने ओढायच्या प्रायमरमधल्या ओ-रिंगा झिजल्या की दांडा बाहेर काढताना ओला निघतो आणि वास पॅनेलच्या मागून येतो. प्रायमरचा दुसरा दोष जास्त फसवा आहे. आतले व्हॉल्व्ह नीट बसत नसतील किंवा दांडा फिरवून लॉक केलेला नसेल तर इंजिन स्वतःच्या ओढीने त्यातून इंधन खेचतं. मंद वेगात धूर, खडबडीतपणा, आणि मिक्स्चर, म्हणजे हवेतल्या इंधनाचं प्रमाण ठरवणारा दांडा, पूर्ण बंद केल्यावरही इंजिन धडपडत चालू राहणं ही त्याची लक्षणं. कार्ब्युरेटर काढून तपासायला नेण्याआधी प्रायमर बघा.

जुन्या विमानांत इंधनदाबाच्या मीटरपर्यंत खरंखुरं इंधन येतं. इंजिनाच्या टोकाला त्या नळीत अगदी बारीक छिद्राचं फिटिंग असतं, म्हणजे नळी तुटली तरी इंधन धो-धो येणार नाही. नळी बदलताना ते फिटिंग विसरलं गेलं नाही ना, हे बघायला विसरू नका.

फायरवॉलच्या पुढे

गॅस्कोलेटर ठिबकत असेल तर बहुतेक वेळा कचऱ्याचा एक कण निचऱ्याच्या व्हॉल्व्हच्या ओ-रिंगवर बसलेला असतो. तीन-चार वेळा जोरात निचरा करा आणि पाच मिनिटं थांबून बघा. थांबलं नाही तर ओ-रिंग किंवा वाटीचं गॅस्केट. टाकीच्या तळाच्या निचऱ्यालाही हेच लागू.

इंजिनावर चालणाऱ्या पंपाला एक छोटी सांडनळी असते. तिच्या टोकाला निळी ओल म्हणजे आतला पडदा किंवा सील गेलं. ती नळी बंद करणं हा उपाय नाही, कारण ती नसेल तर पेट्रोल इंजिनाच्या तेलात उतरू शकतं.

कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटची सुई तिच्या बैठकीवर बसत नसेल तर वाटी भरून वाहते आणि खालच्या हवापेटीतून टपकते. तपासायला इंजिन बंद, सिलेक्टर चालू, मिक्स्चर बंद, आणि दहा मिनिटं प्रतीक्षा. सुरू करताना जास्त प्राइम केल्याने पडलेले दोन-चार थेंब आणि ही सततची धार यांत फरक करा.

इंजेक्शनच्या इंजिनात वरच्या विभाजकापासून प्रत्येक सिलिंडरकडे पोलादी बारीक नळ्या जातात. कंपनाने त्या क्लॅम्पजवळ किंवा डाखाजवळ तडकतात आणि फवारा थेट गरम एक्झॉस्टवर उडू शकतो. लायकमिंगच्या अशा अनेक इंजिनांसाठी अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक संस्थेने एडी २०१५-१९-०७ हा आदेश काढलेला आहे आणि त्यात ठरावीक तासांनी या नळ्या व क्लॅम्प तपासायला सांगितलं आहे. रबरी गादी नसलेला किंवा सुटा क्लॅम्प दिसला तर नळी आज धड असली तरी ती फार काळ तशी राहणार नाही.

जोड आवळताना

विमानातली नळी ३७ अंशांच्या फ्लेअरवर, म्हणजे पसरट केलेल्या टोकावर, बसते, मोटारीतली बहुधा ४५ अंशांच्या. दोन्ही एकमेकांत फिरतात, नट घट्टही होतो, आणि गळती कायमची राहते. फ्लेअरच्या जोडात धातूवर धातू बसून सील होतं. तिथे आट्यांवर काहीही लावायचं नाही. निमुळत्या पाइप-आट्यांना मात्र इंधनात न विरघळणारी पेस्ट लागते, तीही पहिला आटा सोडून. टेफ्लॉनची टेप टाळा, तिच्या चिंध्या पुढे वाहत जातात. तीन-अष्टमांश इंची मऊ अ‍ॅल्युमिनियम नळीच्या नटाला साधारण ७५ ते १२५ इंच-पाउंड टॉर्क लागतो, म्हणजे सुमारे ८.५ ते १४ न्यूटन-मीटर. टॉर्क देऊनही गळत असेल तर आणखी आवळू नका. उघडा आणि फ्लेअरवर चर, तडा किंवा कचरा बघा.

उडायचं की नाही?

एफएएच्या मेकॅनिक-पुस्तिकेत गळतीची सोपी प्रतवारी आहे. जागा पुसून कोरडी करा आणि ३० मिनिटांनी ओल मोजा. पाऊण इंचाच्या, म्हणजे १९ मिलिमीटरच्या आतली ओल म्हणजे डाग. दीड इंचापर्यंत पाझर. चार इंचांपर्यंत मोठा पाझर. टपकायला लागलं की वाहती गळती. पंखाच्या बाहेरच्या मोकळ्या पृष्ठभागावरचा डाग किंवा साधा पाझर काही विमानांत नजर ठेवून चालवून घेतात, अर्थात देखभाल-पुस्तिका परवानगी देत असेल तर. पण वाफ साठू शकते अशा बंद जागेत, म्हणजे केबिनमध्ये, फरशीखाली, पंखाच्या मुळात किंवा काऊलिंगखाली, ओल कितीही छोटी असो, विमान जमिनीवरच राहतं. थेंबांचा हिशेबही एकदा करून बघा: सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला सुमारे १८० मिलिलिटर, दिवसाला चार लिटरहून जास्त.

हवेत असताना अचानक तीव्र वास आला तर विमानाच्या पुस्तिकेतली कृती पहिली. तिच्यात काही नसेल तर केबिनचा हीटर बंद, ताज्या हवेचे झरोके उघडे, विजेची बटणं उगाच चालू-बंद न करणं आणि जवळच्या योग्य धावपट्टीवर उतरणं. इंधनाच्या काट्यांवर नजर ठेवा. उतरल्यावर इमारती आणि इतर विमानांपासून दूर थांबा, मिक्स्चर आणि सिलेक्टर बंद करा, मास्टर बंद करा आणि वारा जिकडून येतोय त्या बाजूला दूर जाऊन उभे राहा.

दुरुस्तीवर सही करायचा अधिकार परवानाधारक अभियंत्याचा. मालकाने त्याच्या हातात वर सांगितलेल्या नोंदींचा कागद दिला तर तपासणीचे तास निम्मे होतात.

दुरुस्तीनंतर टाकी भरून अर्धा तास बघा, मग रात्रभर, मग बूस्ट पंप लावून, मग इंजिन जमिनीवर चालवून, आणि पहिल्या छोट्या उड्डाणानंतर काऊलिंग उघडून पुन्हा. नवीन रबरी जोडाचे क्लॅम्प काही तासांनी परत तपासा, रबर दबून ते सैल होतात. हे सगळं कोरडं असूनही केबिनमध्ये वास राहिला तर गालिचा, सीटचा फोम आणि फरशीखालचं ध्वनिरोधक अस्तर बाहेर काढा. एकदा भिजलेलं अस्तर अनेक दिवस वास सोडत राहतं, आणि तो वास बऱ्या झालेल्या गळतीचा आहे की नव्या, हे ते बाहेर वाळत पडल्याशिवाय कळत नाही.